काकू, त्या पावाबद्दल

ती. काकू,
सा. न.

तुमच्यासमोर बोलायला लागले की माझा गळा दाटून येतो, म्हणून लिहूनच सांगते. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं ठेवतेय, कारण माझ्यासारखं पथ्य असलेलं माणूस आणखी कुणाच्या शेजारीही राहत असेल.

सीलिअॅक हा आजार असल्याचं कळलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गोळी-औषध नाही. गहू, बार्ली आणि राय ही धान्यं जन्मभर बंद. त्यांच्यातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की माझीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उठते आणि अन्न शोषून घेणारे तिथले बारीक उंचवटे झिजत जातात. हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं का चढत नव्हतं ते तेव्हा उमगलं. पथ्य मनापासून पाळलं आणि अंगात ताकदही आली. जीभ मात्र ऐकेना.

खाण्याची आठवण येते म्हणजे गोडाची हाव, असं लोकांना वाटतं. मला गोडाचं काहीच नव्हतं. मला हवा होता ताज्या पावाचा वरचा कडक थर, दाताखाली कुरकुरणारा, आणि आतला मऊ, हाताने ओढला की ताणला जाणारा भाग. विकतचे पाव आणून पाहिले, ते बोटांतच भुगा व्हायचे. एका ठिकाणी खात्री देऊन दिलेला केक नेहमीच्या मैद्याच्याच ट्रेमध्ये भाजलेला निघाला, आणि त्याची किंमत मी तीन दिवस अंथरुणात मोजली. त्यानंतर कुणाच्या हातचं काही तोंडात घालायची भीतीच बसली. ‘एका घासाने काय होतंय’ म्हणणाऱ्यांना उत्तर देऊन देऊन थकले होते.

तुम्ही तसं म्हणाला नाहीत. तुम्ही विचारलंत, “नेमकं काय आठवतं गं तुला?” काकू, हा प्रश्न मला तोवर कुणीच विचारला नव्हता.

ग्लूटेन-फ्री म्हणायचं तर पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये, हे मी बोलता बोलता एकदाच सांगितलं होतं. तुम्ही ते लक्षात ठेवलंत. पुढच्या वेळी आले तर ओट्यावर नवी चाळणी, नवा लाकडी चमचा आणि माझं नाव लिहिलेला भाजायचा डबा. जुन्या चाळणीच्या जाळीत मैदा अडकून राहतो, ती कितीही घासली तरी खात्री नाही, हे तुम्हीच मला समजावलंत. मैद्याची पूड हवेत बराच वेळ तरंगते म्हणून माझं पीठ सकाळी सगळ्यात आधी मळायचं आणि घरचं नंतर, हा नियमही तुमचाच. प्रत्येक पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो तुम्ही मला पाठवायचात. चॉकलेटच्या पाकिटावर ‘माल्ट’ दिसल्यावर ते बार्लीचं असणार म्हणून तुम्ही परत करून आलात, तेव्हा मी खरंच रडले होते.

आणि मग तो पाव! ग्लूटेनची जाळी असते म्हणून यीस्टचा वायू पिठात धरून राहतो. ती नसेल तर पीठ फुगतं आणि बसतं. तुमचे पहिले दोन पाव असेच बसले, आत ओले, विटेसारखे जड. इसबगोलचा भुसा पाण्यात भिजवून त्याचा चिकट गोळा झाल्यावरच पिठात घालायचा, हे तिसऱ्या वेळी जमलं. तुमच्या वहीचं ते पान माझ्या डोळ्यांसमोर आहे: 400 ग्रॅम मिश्र पीठ, 20 ग्रॅम इसबगोल, आणि पाण्यापुढे 340 खोडलेलं, 380 खोडलेलं. वाटीचं माप सोडून तुम्ही काट्यावर तोलायला लागलात, कारण तांदळाच्या पिठाची वाटी आणि स्टार्चची वाटी वजनाला सारखी भरत नाही.

तिसरा पाव तुम्ही मला लगेच कापू दिला नाहीत. गरम असताना कापला तर आत चिकट राहतो म्हणून दोन तास तो जाळीवर ठेवलात, आणि मी समोर बसून होते. सुरी लावली तेव्हा वरचा थर करकरला. मी काप हातात घेऊन दोन्ही बाजूंनी ओढला, तो तुटला नाही, थोडा ताणला गेला. लोणी लावायचंही मला सुचलं नाही. चार काप कोरडेच खाल्ले आणि पुढचे तीन दिवस माझं पोट अगदी शांत होतं.

काकू, त्या दिवसापासून मी दुसऱ्याच्या घरी जेवायला बसू लागले. आपला डबा घेऊन जाते, पण बसते. हे तुमच्यामुळे.

उरलेले काप फ्रीजरमध्ये वेगवेगळे गुंडाळून ठेवलेत, आता दोनच शिल्लक आहेत. रविवारी मी स्वतः करून बघणार आहे. पाण्याचा शेवटचा आकडा घाईत उतरवून घेतला, तो नीट वाचता येत नाहीये. 420 ना? उद्या सकाळी विचारायला येते.

तुमची,
शेजारची