शाहू स्मारकात भेटलेल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे असं जाहीर पत्र. कोल्हापूरच्या दसरा चौकात, शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात फोटोंचं प्रदर्शन होतं. दुपारची वेळ, आत जेमतेम चार-पाच माणसं, आणि तुम्ही कोपऱ्यातल्या खुर्चीत मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसलेले. मी आले होते कॉलेजनं पाठवलं म्हणून. दोन पानी अहवाल द्यायचा होता. दहा मिनिटांत चारही भिंती उरकल्या, प्रत्येक फोटोचा मोबाईलवर फोटो काढला आणि दाराकडं वळले. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "बाळ, बघून झालं व्हय? मग सांग बघू, त्या गुऱ्हाळाच्या फोटोत फोटो काढणारा कुठं उभारलाय?"

खरं सांगते, राग आला होता. एक तर एसटी चुकत होती. आणि गुऱ्हाळ काय मला नवीन? आमच्या रानाला लागूनच एक आहे. चिपाडांचा धूर आणि मळीचा वास घेतच वाढले. पण उत्तर काही येईना.

मग तुम्ही मला खांबापर्यंत मागं नेलंत. जवळून नुसते काळे-पांढरे कण दिसत होते, तिथून फोटो जुळून आला. रात्र. काहिलीवर, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईवर वाफ, वाफेमागं गूळ करणारा गुळव्या, आणि खालच्या चुलवाणाचा, म्हणजे भट्टीचा उजेड त्याच्या हनुवटीवर. म्हणजे फोटो काढणारा उभारलाच नव्हता, चुलवाणाच्या तोंडाशी गुडघ्यावर बसला होता. "वाफ पुसट आलीय, म्हणजे शटर सावकाश होतं, हलंल ते पुसट येणार," तुम्ही म्हणालात. "मग माणूस कसा हलला न्हाई?" मी म्हटलं, थांबायला सांगितलं असेल. तुम्ही हसलात. "आणि तवर पाक करपू दे म्हणतीस?"

तेव्हा मला त्याचा उजवा हात दिसला. पाण्याच्या भांड्यात होता. पाक आला का बघायला गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी गोळी वळतीय का चाचपतो. तेवढा वेळच काय तो जागचा हलत नाही, एरवी त्याला उसंत कुठली? फोटो काढणारा त्याच क्षणाची वाट बघत बसला होता. मला हे लहानपणापासून ठाऊक होतं, पण माझ्या एकाही फोटोत नव्हतं.

माझ्याकडं काय होतं, तर रंकाळ्यावरचा सूर्यास्त, पंचगंगा घाटावरचे दिवे, जोतिबाच्या यात्रेतला गुलाल. कॉलेजात एकदा कुणी म्हणालं होतं, "अगदी कॅलेंडरसारखे आहेत." ते मी कौतुक समजले होते!

नंतर बाहेर चहा पाजलात (पैसेही देऊ दिले नाहीत) आणि खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाचा विषय काढलात. मी रोज त्याच्यासमोरून जाते, कधी मान वर करून बघितलं नव्हतं. बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला आणि १९२० साली त्यावर 'सैरंध्री' हा मूकपट काढला, एवढं शाळेत पाठ केलं होतं. ते आधी चित्रकार होते, नाटकांचे पडदे रंगवायचे, हे मात्र तुमच्याकडून कळलं. निघताना म्हणालात, "फिल्मच्या रोलमध्ये छत्तीसच फोटो असायचे. तू बी छत्तीसच काढ. आणि काढल्या काढल्या बघू नको."

काका, काढले. आमच्या शेजारच्याच गुऱ्हाळात. पहिल्या संध्याकाळी गुळव्यामामांना "इकडं बघा" म्हटलं, तर म्हणाले, "बाजूला हो, चटका बसंल." मग तीन दिवस कॅमेरा पिशवीतच ठेवला. चिपाडं ओढून दिली, भेंडीचं पाणी टाकल्यावर मळी कशी वर येते ते बघितलं. पाक घट्ट होत आला की बुडबुड्यांचा आवाज जड होतो, हे कधी कानावरच घेतलं नव्हतं. चौथ्या दिवशी त्या आवाजावरूनच कळायला लागलं, आता मामा पाण्याकडं हात नेणार.

छत्तीसपैकी बरेच वाया गेले. सात-आठांत तर लेन्सवर बसलेली वाफच आहे नुसती. एकविसावा मला बरा वाटतो. त्यात मामा नाहीतच. गार व्हायला वाफ्यात, म्हणजे पसरट खळग्यात ओतलेला गुळ आहे आणि त्याच्या कडेला बसलेला त्यांचा नातू, जिभेवर बोट टेकवून. मोठा प्रिंट करून मामांना दिला. त्यांनी तो दिव्याखाली धरून बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "गुळ चांगला पडलाय. पर ह्ये फावडं कुणी असं उघडं टाकलं?" फावडं मला दिसलंच नव्हतं.

तो प्रिंट तुम्हाला दाखवायचाय. भिंतीवरचे ते फोटो तुमचेच होते का, हेही विचारायचंय. दिवाळीनंतर गुऱ्हाळ पुन्हा सुरू होईल. संध्याकाळच्या काहिलीला या. गरम काकवी राखून ठेवते.

तुमची,
अहवाल अजून न दिलेली मुलगी