आजीचं ‘खंय’

वेंगुर्ला

चि. बाय हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुम्ही पुण्याला सुखरूप पोचलात हे कळलं. आंब्याच्या पेटीतले खालचे आंबे आधी काढ, ते पिकत आलेत.

आता मनातलं लिहितो. निघायच्या आदल्या दिवशी आजीने छोटीला विचारलं, “माझो चष्मो खंय गो?” छोटी हसून “खंय, खंय” करत ओटीवर नाचली. तू म्हणालीस, “तसं नाही म्हणायचं, ते चुकीचं आहे. कुठे म्हण.” आजी सोलकढी वाढत होती. तिचा हात वाटीवर तसाच थांबला. तुझं लक्ष नव्हतं, माझं होतं.

बाय, आपल्या मालवणीतलं ‘खंय’ चुकीचं नाही. महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या जुन्या पूर्वजात, ‘कुठे’ला ‘कहिं’ म्हणत. त्यातला ‘ह’ मागे सरकून ‘क’ला चिकटला आणि ‘खंय’ झालं. ‘तिथे’ला ‘तहिं’ म्हणत, त्याचं तसंच ‘थंय’. म्हणून बघ, मोठ्याने म्हणून बघ, जिभेला आपोआप कळतं. पुण्याच्या शुद्ध मराठीतही हेच झालंय. ‘महिषी’तला ‘ह’ ‘म’ला चिकटला म्हणून म्हैस, ‘गर्दभ’च्या ‘भ’मधला ‘ह’ ‘द’कडे गेला, त्याचा ‘ढ’ झाला म्हणून गाढव. म्हशीला कोणी अशुद्ध म्हणत नाही, मग आजीलाच का?

‘माका’चंही तेच. ती ‘मला’ची मोडतोड नव्हे. 1290 सालच्या ज्ञानेश्वरीत ‘तोषोनि मज द्यावें’ आहे, ‘मला’ नाही. ‘देवें’ आहे, ‘देवाने’ नाही. तू रोज बोलतेस ती मराठीही माउलींची राहिलेली नाही. घाटावर ‘मला’ रुळलं, आपल्याकडे ‘माका’, ‘घराक’, ‘बाजाराक’. बहिणी आहेत या, एक मालकीण आणि एक मोलकरीण नव्हे. पाव, चावी, बटाटा हे तर पोर्तुगिजांबरोबर आले आणि घरचे झाले, त्यांना आपण कधी दारात अडवलं नाही.

शाळेत छोटीने ‘कुठे’ लिहावं, जरूर लिहावं. पेपरात मार्क त्याचेच. पण आजीसमोर तिला खोडू नकोस.

काल तुझा फोन आला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. आजी छोटीला म्हणाली, “खंय आ…” आणि थांबली. मग एकेक अक्षर जोडत म्हणाली, “कुठे आहेस?” ब्याऐंशी वर्षांच्या बाईला आपल्याच पणतीशी बोलताना शब्द शोधावे लागले. मला रात्री झोप आली नाही.

चवथीक या. आणि आल्या आल्या छोटीला सांग, पणजीला विचार, “तुझो चष्मो खंय?”

तुझे बाबा