नवव्या मजल्यावरची लॅब

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

लॅबमधले चौघं मिळून कंपनी काढताय, हे वाचून फार आनंद झाला. पण पत्र मिटलं आणि अमेरिकेतल्या एम.आय.टी. या विद्यापीठाची नवव्या मजल्यावरची ए.आय. (कृत्रिम बुद्धिमत्ता) लॅब आठवली, म्हणून लगेच लिहायला बसलो.

लिस्प ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा, तेव्हाच्या ए.आय.वाल्यांची मायबोली. एकाच मोठ्या संगणकावर दहाजण बसले की तिची प्रोग्रॅम रखडायची. म्हणून सत्तरच्या दशकात रिचर्ड ग्रीनब्लॅट आणि टॉम नाइट यांनी खास लिस्पसाठी, एका माणसाला एक, असं यंत्र बांधलं. पहिल्याचं नाव कॉन्स, दुसऱ्याचं कॅडर. लिस्पमध्ये ‘कॅडर’ म्हटलं की यादीतली दुसरी वस्तू हाती येते! असली नावं घरातली माणसंच ठेवतात. त्या यंत्राच्या कीबोर्डवर शिफ्ट-कंट्रोलशेजारी सुपर आणि हायपर अशीही बटणं होती. तू कोड लिहितोस त्या इमॅक्स एडिटरमध्ये ती नावं अजून आहेत बघ.

मग ही यंत्रं विकायला कंपनी काढायची गोष्ट निघाली. ग्रीनब्लॅटचं म्हणणं, बाहेरचा पैसा नको, एक यंत्र विकून दुसरं बांधू. पूर्वी लॅबचा कारभार पाहिलेले रसेल नॉफ्त्स्कर म्हणत, भांडवल घेऊन नीट धंदा करू. जमलं नाही. १९७९ मध्ये ग्रीनब्लॅटची एल.एम.आय. निघाली, १९८० मध्ये नॉफ्त्स्करांची सिम्बॉलिक्स, आणि लॅबमधले बहुतेक हॅकर, म्हणजे कोड लिहिण्यात रमलेली कसबी माणसं, सिम्बॉलिक्समध्ये गेले. मी नॉफ्त्स्करना दोष देत नाही. सिम्बॉलिक्सचं ३६०० हे यंत्र खरोखर देखणं काम होतं, आणि तसं काम पैशाशिवाय होत नाही.

मला लागतं ते पुढचं. दोघांच्याही यंत्रांत मुळात लॅबचाच कोड. १९८२ मध्ये सिम्बॉलिक्सनं सांगितलं, आमच्या सुधारणा एम.आय.टी.नं वापराव्यात, एल.एम.आय.ला द्यायच्या नाहीत. कालपर्यंत शेजारी बसून एकमेकांच्या चुका काढणारी माणसं ही! लॅबमध्येच मागे राहिलेला प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन १९८३ संपेपर्यंत सिम्बॉलिक्सच्या सुधारणा स्वतः नव्यानं लिहून काढत राहिला, म्हणजे एल.एम.आय.लाही त्या मिळाव्यात. एका माणसानं सगळ्या टोळीशी बरोबरी करायची. त्या जागरणांचा विचार आला की पोटात कालवतं. त्याच काळात त्यानं ग्नू, म्हणजे सगळ्यांना मोकळेपणानं वापरता-वाटता येईल अशा सॉफ्टवेअरचा प्रकल्प, जाहीर केला, आणि जानेवारी १९८४ मध्ये लॅबची नोकरी सोडली.

कंपन्याही टिकल्या नाहीत. साधे, स्वस्त वर्कस्टेशन लिस्प तितक्याच वेगानं चालवू लागले. एल.एम.आय. १९८७ मध्ये बुडाली, सिम्बॉलिक्सनं १९९३ मध्ये दिवाळखोरी मागितली. जगातलं पहिलं डॉट कॉम नाव, १५ मार्च १९८५ चं, सिम्बॉलिक्सचंच होतं.

सुहास, कंपनी काढच. पण तुमचा कोड कुणाच्या नावावर राहणार, हे सरांसमोर बसून कागदावर आणलंत का? आणि पाचवा जो मागे राहतोय, पीएच.डी. अर्धी असलेला, त्याला तुमच्या सुधारणा मिळणार आहेत ना? त्याच्याशी बोल आणि मला कळव. वाट पाहतो.

तुझाच,
अविनाश