दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना, इंजिनाबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘बरं बरं, चहा टाक’ म्हणून विषय संपवता. म्हणून हे लिहून काढतेय, आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमच्या बिल्डिंगखाली एका मारुती 800 चं इंजिन बदललं गेलं, ते कोणामुळे हे लोकांना कळू दे.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसला तेव्हा गॅरेजवाले म्हणाले, ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याला, चीर गेलीय, पाणी ऑइलमध्ये उतरतंय, एवढ्या खर्चात दुसरी जुनी गाडी येईल, ही भंगारात द्या. बाबांची गाडी. तुम्ही डिपस्टिक पुसून पुन्हा बघितलीत आणि म्हणालात, ‘ब्लॉक गेला हे खरं. पण गाडी कुठे गेलीय?’ बेस्टच्या वर्कशॉपात लेलँडच्या बसची इंजिनं उतरवण्यात ज्याची उभी नोकरी सरली, त्याला हे तीन सिलिंडरचं प्रकरण म्हणजे गंमतच वाटली असणार.

कुर्ल्याच्या बाजारात तुम्ही बरोबर आलात, ही सगळ्यात मोठी मदत. दुकानदार ‘796 सीसी, सेम टू सेम’ म्हणत एक इंजिन गळ्यात मारत होता. ते निघालं आल्टोचं, बारा व्हॉल्व्हचं. आपलं सहा व्हॉल्व्हचं. सीसी तेवढेच, हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, मात्र वेगळं. मग बरोबर इंजिन सापडल्यावर तुम्ही स्पार्क प्लग काढून ते हाताने फिरवायला लावलंत, कुठे अडकतंय का बघितलंत, आणि ब्लॉकवरचा नंबर बोटाने घासून वाचलात. नंबर खोडलेला असेल तर फुकट मिळालं तरी घ्यायचं नाही आणि बिलावर तोच नंबर लिहून घ्यायचा, हे तुम्ही मला सांगितलंत, पण दुकानदाराला ऐकू जाईल अशा आवाजात.

घरी मात्र तुम्ही पान्याला हात लावला नाहीत. प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून नुसतं बोलत होतात. गाडी चालू ठेवून इंधनाच्या पंपाचा फ्यूज काढ आणि ती आपोआप बंद पडू दे, म्हणजे पाइपातला पेट्रोलचा दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह काढ. प्रत्येक वायरला, प्रत्येक होसला, म्हणजे रबरी नळीला, चिकटपट्टी आणि नंबर. मी म्हटलं, मोबाइलवर फोटो काढलेत की! तुम्ही म्हणालात, ‘होस काळ्या, फोटोतही काळ्याच दिसणार.’

सल्ले देणारे बरेच जमले होते. कोणी म्हणे दोर बांधून आंब्याच्या फांदीला टांगा, कोणी म्हणे चौघं मिळून उचलू. चेन ब्लॉक, म्हणजे वजन उचलायची साखळीची कप्पी, आणि लोखंडी तिपाई भाड्याने येईपर्यंत तुम्ही इंजिन धरून ठेवणाऱ्या माउंटिंगचा एक नट ढिला करू दिला नाहीत. गिअरबॉक्स जागेवर ठेवून त्याखाली जॅक दिला. लटकत्या इंजिनाखाली कोणाचाही हात जाता कामा नये यावर तुम्ही जे ओरडलात, ते तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचलं.

जुनं बाहेर आल्यावर नवं लगेच चढवायची मला घाई. तुम्ही अडवलंत. क्लच प्लेट, मागचं ऑइल सील, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट, सगळं आत्ताच बदल. आत गेल्यावर सीलमधून थेंब गळला तरी पुन्हा इंजिन उतरवावं लागेल. क्लच प्लेट मध्यावर बसवायला तुम्ही पत्र्याच्या डब्यातून जुन्या इनपुट शाफ्टचा, म्हणजे क्लचमधून जाणाऱ्या गिअरबॉक्सच्या दांड्याचा, तुकडा काढलात. मारुतीचा! बेस्टच्या माणसाकडे तो कुठून आला, हे विचारायचं राहिलंच.

त्यानंतरही चावी लगेच मारायची नव्हती. प्लग बाहेर, पंपाचा फ्यूज बाहेर, आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबून थांबून नुसता सेल्फ. बेअरिंगं कोरडी फिरता कामा नयेत. गाडी सुरू झाली तेव्हा टाळ्या बाकीच्यांनी वाजवल्या. तुम्ही वाकून खाली काही ठिबकतंय का ते बघत होतात.

सेक्रेटरींचेही आभार. पार्किंगची जागा त्यांनी दिली, जुनं ऑइल आणि कूलंट गटारात जाणार नाही या अटीवर. ते डब्यात भरून नेऊन दिलं.

इंजिन बदललं की इंजिन नंबरही बदलतो आणि 14 दिवसांत आरटीओला कळवावं लागतं, हे तुम्ही बजावलं नसतंत तर मी गाडी तशीच फिरवली असती. वडाळ्याला कागद दिले. आरसीवर नवा नंबर चढला.

पैशांचं पाकीट तुम्ही परत पाठवलंत, ते काही बरं केलं नाहीत. तेव्हा आता असं करू. काकूंना टिटवाळ्याच्या गणपतीला जायचंय, हे मला कळलंय. मंगळवारची गर्दी सोडून कुठलाही दिवस सांगा. पुढे काकू बसतील, तुम्ही मागे. आणि वाटेत बॉनेट उघडायचं नाही.

तुमची,
तळमजल्यावरची