पाला वाटला, तर अख्ख्या घराला लावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हिवाळा लागला की आश्रमशाळा, वसतिगृहं आणि एका गोधडीत तिघं-चौघं झोपणारी घरं, सगळीकडे खरूज फिरते. याच दिवसांत वर्तमानपत्रांच्या आरोग्यविषयक सदरांत ‘कडुनिंब आणि हळद, खरजेवर रामबाण’ असा मजकूर येतो. प्रमाण नाही, लावायची रीत नाही. उपाय खोटा नाही. अर्धवट सांगितल्याने तो वाया जातो, म्हणून हे पत्र.

कडुनिंब-हळदीच्या या लेपाला आधार आहे. १९९२ साली ‘ट्रॉपिकल अँड जिओग्राफिकल मेडिसिन’ या नियतकालिकात ८१४ खरूजग्रस्तांवरचा अभ्यास छापून आला. लेपाने ९७ टक्के रुग्ण ३ ते १५ दिवसांत बरे झाल्याची त्यात नोंद आहे. मात्र तो प्राथमिक अभ्यास होता, तुलनेला दुसरा गट नव्हता. म्हणून खरजेचे किडे मारणारं ५ टक्के परमेथ्रिन मलम मिळत असेल तर आधी तेच वापरावं. मोठ्या माणसाला सुमारे ३० ग्रॅम लागतं. रात्री मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या खालीही लावायचं, ८ ते १२ तासांनी धुवायचं आणि ७ दिवसांनी पुन्हा एकदा लावायचं.

मलम मिळेपर्यंत लेप करायचा तर पाला चार भाग, हळद एक भाग. म्हणजे २०० ग्रॅम कोवळ्या पाल्याला ५० ग्रॅम ओली हळद, तीही तोलून. मुठीचा अंदाज चालत नाही. सुट्या पिवळ्या पुडीत रंगाची भेसळ असू शकते, म्हणून ओली हळदच बरी. पाट्यावर लोण्यासारखं मऊ वाटा. देठ आणि शिरा राहिल्या की आधीच खाजवून सोललेल्या कातडीवर ओरखडे उठतात. रोज ताजा वाटा.

चूक होते ती लावताना. जिथे खाजतं तिथेच बोटभर लेप लावतात. पण खरूज कातडीत शिरणाऱ्या बारीक किड्याने होते, आणि खाज ही त्या किड्याविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया असते. किडा बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, कमरेला, जांघेत, जिथे खाजत नाही तिथेही असतो. शिवाय अंगावर फोड नसलेल्यांसह घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी लावावं लागतं. एक लेकरू सुटलं आणि त्याच गोधडीत झोपलं, की पंधरवड्यात सगळं पहिल्यासारखं. कपडे, चादरी उकळत्या पाण्यात धुवा. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून चार दिवस बाजूला ठेवा. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा सहसा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही.

किडे मेले तरी खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. ‘गुण आला नाही’ म्हणून लोक आणखी रगडतात, आणि मग बिब्बा किंवा रुईचा चीक लावतात. बिब्ब्याच्या तेलाने कातडी जळते, फोड येतात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. हे दोन्ही खरजेवर कधीच नको. आणखी एक, कडुनिंबाचं तेल तान्ह्या मुलाला पाजू नये. थोड्याशा तेलानेही झटके येऊन मुलं दगावल्याच्या नोंदी आहेत.

खरजेशी गल्लत होणारं गजकर्ण हा बुरशीने होणारा निराळाच आजार. खरजेची खाज रात्री वाढते आणि घरात एकाहून अधिक जणांना असते. गजकर्णाचं गोल चकंदळ मधे निवळतं आणि कडेने पसरतं. त्यावर आपल्याकडे तरोटा (टाकळा) चोळतात. तरोट्याच्या बियांतला एक घटक प्रयोगशाळेत बुरशीची वाढ रोखतो, पण काचेतलं निरीक्षण म्हणजे माणसावरचा गुण नव्हे. त्याहून मोठं नुकसान दुकानातल्या तीन-चार औषधं एकत्र असलेल्या मलमांनी होतं. त्यातल्या स्टिरॉइडने दोन दिवसांत लाली जाते, बुरशी मात्र आत पसरत राहते आणि चकंदळाचा आकार इतका बदलतो की डॉक्टरलाही ओळखायला वेळ लागतो. मलम घेताना घटकांत ‘क्लोबेटासॉल’ हे स्टिरॉइड दिसलं तर परत द्यावं.

पुवाचे फोड आले, पिवळी खपली धरली, तर लेप थांबवून आरोग्य केंद्र गाठावं. मुलाचा चेहरा सुजला किंवा लघवी चहासारखी झाली, तर त्याच दिवशी. कातडीतला जंतुसंसर्ग तेव्हा मूत्रपिंडाला बाधलेला असू शकतो.

– एक आरोग्य कार्यकर्ता, आरमोरी तालुका, जि. गडचिरोली