मोडीत टाकायच्या आधी नाण्याची कड तरी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात इतवारीच्या सराफ्यात एका दुकानात माझ्यासमोर एक मोठं चांदीचं नाणं मोडीच्या ढिगात पडलं आणि विकणाऱ्या बाई पैसे घेऊन निघून पण गेल्या. मी ते हातात घेतलं तर बाप्पा, स्पॅनिश आठ रियाल! डोक्यावर पानांची माळ घातलेला राजा, कॅरोलस (म्हणजे स्पेनचा राजा कार्लोस) नावापुढे चार उभ्या रेघा, म्हणजे चौथा, साल १८०२, मागे ढाल आणि दोन खांब, आणि एम अक्षरावर बारीकसा ओ, म्हणजे मेक्सिकोची टांकसाळ. वर कडी जोडलेली, कोणीतरी गळ्यात घालत असणार. मी मोडीच्याच भावात ते सोडवून घेतलं.

मुघलांच्या काळात अशी स्पॅनिश चांदी व्यापाऱ्यांच्या जहाजांतून सुरतेला यायची आणि मुघल टांकसाळीत वितळवून तिचे रुपये पाडायचे, म्हणजे ती नाणी इकडे यायचीच मुळी वितळायला, त्यातून जे वाचलं ते आपण आज पुन्हा भट्टीत टाकतो, याचं मला फार वाईट वाटते.

ओळखणं तसं कठीण नाही. वजन २७ ग्रॅमच्या आसपास, रुंदी ३९ मिलिमीटरच्या जवळपास, आणि कडेवर एक गोल एक चौकोन अशी नक्षी. कडेवर जोडाची रेघ दिसली किंवा लोहचुंबकाला चिकटलं तर नकली. मी स्वतः रविवारच्या बाजारात १५०० रुपयांना फसलोय, त्यावर तीनच रेघा आणि साल १८०६ होतं, आता तिसरा कार्लोस तर १७८८ मध्येच वारला ना! घरी आल्यावर लक्षात आलं. अंगावर बारीक ठसे असले तर खराब समजू नका, चिनी व्यापारी चांदी पारखून तसे ठसे मारायचे. आणि कृपा करून चिंच, रांगोळी, टूथपेस्ट लावून घासू नका, तो जुना काळपट थर एकदा गेला की तसाच परत येत नाही आणि किंमतही पडते.

आपल्याकडे १८६३ पासूनचं अजब बंगला म्युझियम आहे, तिथे महिन्यातून एक दिवस लोकांची जुनी नाणी बघून द्यायची सोय झाली तर किती घरांतली नाणी वाचतील. तुमच्या पेपरने हे लावून धरावं.

आणि त्या बाईंनी हे वाचलं तर, ताई, तुमचं नाणं माझ्याकडे आहे, कडी तशीच ठेवलीय. जेवढ्यात घेतलं तेवढ्यातच परत देईन.

आपला,
एक नाणी जमवणारा वाचक
महाल, नागपूर