यंत्र तयार नसताना घोषणा कशासाठी?

मा. संपादक,

नव्या संगणकांच्या घोषणांना आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांत ठळक जागा मिळते. मात्र ते यंत्र विक्रीस आले आहे की अजून कंपनीच्या प्रयोगशाळेतच आहे, हे त्या बातम्यांवरून बहुधा कळत नाही. एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेच्या खरेदीचे काम माझ्याकडे असल्यामुळे या संदिग्धतेचे परिणाम मला जवळून पाहावे लागतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अलीकडचे उदाहरण एनव्हिडिया या कंपनीचे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनासाठी टेबलावर मावेल असा छोटा संगणक आणत असल्याचे या कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगास येथे जाहीर केले, तेव्हा त्याचे नाव ‘प्रोजेक्ट डिजिट्स’ होते, किंमत ३,००० डॉलरपासून सांगितली होती आणि तो मे महिन्यात मिळू लागेल असे आश्वासन होते. मार्चमध्ये त्याचे नाव ‘डीजीएक्स स्पार्क’ झाले, मे महिना तसाच गेला, प्रत्यक्ष विक्री ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू झाली आणि तोपर्यंत किंमत ३,९९९ डॉलर झाली होती. यंत्राच्या गुणवत्तेबद्दल माझी तक्रार नाही. परंतु जानेवारीतल्या आकड्यावर विसंबून ज्या संस्थेने खरेदीचा प्रस्ताव तयार केला असेल, तिचा हिशेब एक तृतीयांशाने चुकला. आपल्याकडे तर अनुदानाची रक्कम ३१ मार्चपूर्वी खर्ची टाकण्याचे बंधन अनेक संस्थांवर असते. जाहीर झालेल्या यंत्रासाठी थांबावे तर निधी परत जाण्याची भीती, आणि हाताशी असलेले यंत्र घ्यावे तर ‘नवे येत असताना जुने का घेतले’ असा शेरा, अशा कोंडीत खरेदी समिती सापडते. दुकानदाराकडे आधीच्या मॉडेलचा साठा पडून राहतो, तो वेगळाच.

ही प्रथा नवी नाही, आणि तिचा सर्वांत गंभीर दोष साठ वर्षांपूर्वीच उघड झाला होता. सेमूर क्रे यांनी घडवलेला कंट्रोल डेटा कंपनीचा ‘६६००’ हा १९६४ मध्ये जगातला सर्वांत वेगवान संगणक होता. त्याच वर्षी आयबीएमने त्याच्या तोडीस तोड ठरेल असे आपले मोठे यंत्र येत असल्याचे जाहीर केले. ते ग्राहकाच्या हाती पडायला १९६७ साल उजाडले. मधल्या काळात आयबीएमवर विश्वास असलेले ग्राहक थांबून राहिले आणि कंट्रोल डेटाला आपल्या तयार यंत्राची किंमत उतरवावी लागली. डिसेंबर १९६८ मध्ये त्या कंपनीने आयबीएमवर दावा गुदरला. अस्तित्वात नसलेली, केवळ कागदावरची यंत्रे बाजारात मांडल्याचा आरोप त्यात होता. १९७३ मध्ये हा दावा तडजोडीने मिटला आणि आयबीएमला आपली एक उपकंपनी कंट्रोल डेटाला विकावी लागली. कंपनी जितकी मोठी, तितका तिच्या शब्दावर बाजार थांबतो, आणि ज्याने खरोखर यंत्र बनवून दाखवले त्याची विक्री त्यामुळे अडते. स्पर्धेच्या दृष्टीने हा अन्याय मला ग्राहकाच्या गैरसोयीपेक्षाही मोठा वाटतो.

लहान कंपनीने हेच केले तर फटका तिलाच बसतो. ज्यांचे बालपण तमिळनाडूत गेले त्या ॲडम ऑस्बोर्न यांनी १९८१ मध्ये १,७९५ डॉलरला विकायला काढलेला, उचलून नेता येणारा संगणक विलक्षण खपला. १९८३ च्या सुरुवातीला पुढच्या मॉडेलची वाच्यता झाल्यावर विक्रेत्यांनी जुन्या यंत्राची मागणी थांबवली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. प्रतिस्पर्ध्यांची स्वस्त यंत्रे आणि ढिसाळ कारभार हीही त्यामागची कारणे होती, हे येथे नमूद केले पाहिजे.

आगाऊ घोषणा नेहमीच गैर असते, असे माझे म्हणणे नाही. ॲपलने जून २०२० मध्ये इंटेलच्या चिप सोडून स्वतःच्या चिप वापरण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना पूर्वतयारीसाठी वेळ हवा होता. कंपनीने त्यांना चाचणीची यंत्रे दिली, वर्षअखेरपर्यंत पहिला संगणक आणू असे सांगितले आणि नोव्हेंबरमध्ये तो आणलाही. ज्या घोषणेमागे असे कारण आहे आणि जिची तारीख पाळली जाते, तिला कोणी नावे ठेवणार नाही.

आपल्या देशात ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या स्वस्त ‘आकाश’ टॅब्लेटचे मोठ्या समारंभाने अनावरण झाले. त्याच्या बाजारातील आवृत्तीसाठी नोंदणी केलेल्या अनेकांना महिनोन्महिने वाट पाहावी लागली. स्वस्त यंत्राची आस गरजू विद्यार्थ्यांनाच अधिक असते, त्यामुळे अशा विलंबाची झळही त्यांनाच अधिक लागते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध तरतूद आहे. मात्र कंपनीच्या व्यासपीठावरून उच्चारलेले आणि दुसऱ्या दिवशी बातमी म्हणून छापले गेलेले वाक्य वाचकावर जाहिरातीइतकाच परिणाम करते, आणि तेथे वृत्तपत्राची जबाबदारी सुरू होते. म्हणून विनंती अशी की, नव्या संगणकाच्या प्रत्येक बातमीत यंत्र आज विकत मिळते का, वार्ताहराने ते प्रत्यक्ष चालवून पाहिले का, आणि भारतातील किंमत व तारीख कंपनीने सांगितली आहे का, हे स्पष्ट छापावे. सांगितलेला महिना उलटल्यावर त्याच यंत्राची सद्यःस्थिती देणारी छोटी चौकटही द्यावी. दरपत्रके मागवण्यापूर्वी आमच्यासारख्यांना खरेदी समितीपुढे ते कात्रण ठेवता येईल.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे